ओसरीवरचे आजोबा उठत नाहीत

नंदनवन, नागपूर
१४ सप्टेंबर १९८७

चि. नीला,

आशीर्वाद. घ्यायचे की नाही ते तू ठरव, मी आपले पाठवून दिले.

हे पत्र घरगुती नाही, आधीच सांगतो. कोडी घालणारा एक माणूस कोडी घालणाऱ्या दुसऱ्या माणसाला लिहितो आहे, असं समज.

आपल्या गल्लीच्या टोकाला मुलींची शाळा आहे, तिथं सरकारी योजनेतून दोन कॉम्प्युटर आले. तिथल्या विज्ञानाच्या कांताबाई गेल्या आठवड्यात घरी आल्या. म्हणाल्या, "काका, तुम्ही पेपरात शब्दकोडं बनवता नं? पुण्याहून पोरींसाठी एक खेळ आला आहे कॅसेटवर. शब्दांचाच खेळ आहे. पोरी अडकून राहिल्या, मी बी अडकून राहिली. जरा येऊन पाहा नं."

गेलो. टेपरेकॉर्डरात कॅसेट घातली, दहा मिनिटं नुसतं किर्र वाजलं, आणि मग पडद्यावर इंग्रजी अक्षरांतलं मराठी आलं. खेळाचं नाव, आणि खाली बनवणारीचं. नीला शालिकराम लांजेवार. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मधे शालिकराम अजून आहे, याचं मला इतकं बरं वाटलं की कांताबाईंना पाणी मागावं लागलं.

त्या म्हणतात, पुण्याच्या तुमच्या संस्थेची माणसं बारा-तेरा डिसेंबरला इथं शिक्षकांच्या कार्यशाळेला येणार आहेत आणि यादीत तुझंही नाव आहे. पत्ता त्यांच्याकडूनच घेतला.

तुझी आई गेली, तेराव्याचं उरकून तू पुण्याच्या वसतिगृहावर परत गेलीस, त्याला सहा वर्षं झाली. मी चार पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. का नाही, ते मला अजून कळलेलं नाही. डिसेंबरात येशील तेव्हा घरी येशील का? एवढंच विचारतो, आणि पुन्हा कोड्याकडे वळतो.

तुझ्या यंत्राला दोनच शब्द समजतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आपलं लिहिलं, 'कृपया दार उघडावे.' म्हणे, समजलं नाही. 'फाटकाचे दार उघडण्याची विनंती.' समजलं नाही. शेवटी चिडून 'दार उघड' लिहिलं तर उघडलं. आमच्या मोजणी खात्यात याच्या नेमकं उलट चालायचं.

बाबा


२२ सप्टेंबर १९८७

चि. नीला,

शाळा सुटल्यावर चारला कांताबाई मला तासभर बसू देतात. पोरी मागे उभ्या राहून कुजबुजतात. मी बरोबर आलेख कागद आणि टोकदार पेन्सिल नेतो. एकतीस वर्षं नकाशे काढले, सवय जाईल कशी? एक हालचाल, एक चौकट. फाटकापासून दक्षिणेला गेलो की लिंबाचं झाड. पुढं नळ. मग तीन पायऱ्या, ओसरी, आणि तिच्या कडेनं गेलं की एकामागे एक तीन खोल्या. शेवटी मागचं अंगण. कागदावर सगळं जोडलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

हे आपलं घर आहे. तू न्हाणीघर पूर्वेला दाखवलं आहेस, ते पश्चिमेला आहे. दुरुस्ती करावी.

आता कौतुक. कोठीच्या खोलीत अंधार आहे, काही दिसत नाही. मी दोन दिवस कंदील शोधला, काडेपेटी शोधली, पोरींनाही कामाला लावलं. मग लक्षात आलं, पडद्यावर पहिल्यापासून लिहिलेलं आहे, 'वर छपराला कवेलू आहेत, एक फुटकं आहे.' मी लिहिलं, 'कवेलू सरकव.' उजेड पडला! नीला, मी साठीचा माणूस त्या शाळेत खुर्चीत बसून टाळ्या पिटत होतो. खरं कोडं असंच असतं. सुटलं की हुशारी वाटायच्या आधी स्वतःच्या कपाळावर हात मारावासा वाटतो. अरे, हे तर समोरच होतं! आणि ती लाज गोड लागते. जे कोडं सुटल्यावर माणूस 'असं होय' म्हणतो आणि गप्प बसतो, ते वाया गेलं समजावं. हे मी तुला कधी शिकवलं नव्हतं. तुला कुठून आलं?

पण ओसरीवरून आतल्या खोलीत जाताना माझी गाडी थांबली. तिथं तुझा पडदा म्हणतो: 'ओसरीवर आजोबा बसले आहेत. समोर ताट झाकून ठेवलं आहे. आतल्या खोलीचं दार आजोबांच्या पाठीमागे आहे.' आत जा म्हटलं की आजोबा म्हणतात, आधी माझं कोडं सोडव. आणि कोडं कुठलं, तर माझंच. 'दिवसभर पायाखाली, घरी येताच दाराबाहेर.' मी लिहिलं, चप्पल. बरोबर, आता पुढचं ऐक. 'पोटात दहा भाऊ, अंगावर सदरा एकच.' संत्रं. बरोबर, आता पुढचं ऐक. सगळी सत्तावीस कोडी माझी आहेत, तू सात-आठ वर्षांची असताना जेवताना मी घातलेली. सत्ताविसाव्यानंतर आजोबा पुन्हा चपलेवर येतात.

सगळी उत्तरं बरोबर दिली. हा माणूस उठत का नाही?

आपल्या घरचा कायदा तुला आठवतो का? कोड्याला हरलं की जिल्ह्यातलं एक गाव तोंडानं देऊन टाकायचं. तू पहिल्यांदा काटोल दिलंस आणि रडलीस, कारण तिथं मामाचा संत्र्याचा बगीचा होता. मग कन्हान गेलं, मग बाकीचं सगळं. दहा वर्षांची होईपर्यंत अख्खा जिल्हा तू मला देऊन बसली होतीस. मला एकही गाव कधी द्यावं लागलं नाही. तुझी आई म्हणायची, "पोरीले एखांदं गाव तं वापस द्या!" मी म्हणायचो, हरण्याची सवय असावी.

बाबा


६ ऑक्टोबर १९८७

नीला,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही हट्टी आहे.

काय काय करून पाहिलं ते लिहितो, म्हणजे तुला दोष कुठं आहे ते कळेल. 'आजोबा उठा.' समजलं नाही. 'आजोबा ढकल.' यावर तुझं यंत्र म्हणतं, मोठ्या माणसांना ढकलू नये. पोरी खूप हसल्या, मलाही हसावं लागलं. 'ताट उघड.' ते तुझं नाही. 'ताट घे.' ते तुझं नाही. मुद्दाम चुकीची उत्तरं दिली. आजोबा म्हणतात, चूक, विचार कर. 'काटोल' लिहिलं. समजलं नाही. मागच्या अंगणातून जाऊन पाहिलं, तर आतल्या खोलीच्या मागच्या दाराला आतून कडी.

आता स्पष्ट बोलतो. हे कोडं नाही, ही अडवणूक आहे. मी बावीस वर्षं शब्दकोडं घालतो आहे. चुकीचा शब्द भरला तर आडवा-उभा कुठंतरी टकरावा लागतो, म्हणजे माणसाला आपली चूक कळते. तुझे आजोबा काहीच कळू देत नाहीत. बरोबर म्हणतात आणि तिथंच ठेवतात. बरोबर उत्तराला बक्षीस नाही आणि चुकीला धडा नाही, अशा जागी माणूस वेडा होतो. ज्या खुणेशिवाय कोडं सुटत नाही ती खूण लपवणं ही लबाडी आहे. तू कुठलीतरी खूण लपवली आहेस.

कांताबाईंशी यावर वाद झाला. त्या म्हणाल्या, "काका, मले वाटते, त्या बुढ्याले उत्तर नकोच आहे."

"मग कोडं काहून घालते तो?"

"सवय असन."

"मग त्याला हवं काय?"

"ते मले ठाऊक असतं तं मी दीड महिना अडकून राहिली असती काय?"

मी नकाशा गुंडाळून घरी आलो. त्यांचा राग आला नाही. कशाचा आला ते नीट सांगता येत नाही. जेवण केलं नाही त्या दिवशी.

तू येशील का, ते कळव. हो किंवा नाही. दोन शब्दसुद्धा नकोत, एक पुरे.

बाबा


२६ ऑक्टोबर १९८७

चि. नीला,

दिवाळीच्या आदल्या दिवशी तुझं पाकीट आलं. वरचं अक्षर ओळखलं आणि फोडायला कात्री शोधली, नेहमीसारखं फाडलं नाही. आत संस्थेच्या कागदावर एकच ओळ. 'सुटण्यासाठी लागणारं सगळं पडद्यावर आहे. मी काही लपवलेलं नाही.' खाली नीला.

मी ते दिवसातून किती वेळा वाचतो ते सांगत नाही. 'मी' या अक्षरावर तू पेन दाबलं आहेस, कागदाच्या मागून बोटाला लागतं. हे माझ्या खुणेच्या तक्रारीला उत्तर आहे, की दुसऱ्या कशाला? मी तर खेळाबद्दलच लिहिलं होतं. तुला माझ्यावर राग आहे तो सांगून टाक ना एकदा. मी त्या वेळी जे केलं ते तुझ्या भल्याचं केलं. परीक्षा तोंडावर होती.

असो. घरी येण्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. नाही असंही नाही. यातून काय समजावं? हो-नाहीच्या मधे उत्तर ठेवणं हे कोडं घालणाऱ्याला शोभतं, मुलीला नाही. पण माझ्या तोंडी हे वाक्य शोभतं का, तेही मला कळेनासं झालं आहे.

शाळा नऊ नोव्हेंबरला उघडेल. तोवर आजोबा आणि मी, दोघंही आपापल्या ओसरीवर.

बाबा


१७ नोव्हेंबर १९८७

नीला,

सुटलं. मी सोडवलं नाही.

शाळेत भीमाबाई आहेत, घंटा देतात, पाणी भरतात. साठीच्या असतील, लिहायला-वाचायला येत नाही. काल त्या खोली झाडायला आल्या आणि मला तिथंच बसलेला पाहून थांबल्या.

"काय गा, मास्तर, रोज काय पाहून राहिले त्या डब्यात?"

मी मास्तर नाही, पण त्यांना सगळे चष्मेवाले मास्तरच. मी म्हटलं, एक म्हातारा आहे, तो उठत नाही.

"काय लिवलं हाय, वाचून दाखवा बरं."

मी वाचलं. ओसरीवर आजोबा बसले आहेत. समोर ताट झाकून ठेवलं आहे. पुढं काही वाचायच्या आधीच त्या म्हणाल्या, "अन् त्याले कोणी इचारलं काय, जेवले काय म्हून?"

कांताबाई माझ्याकडे पाहू लागल्या.

भीमाबाई म्हणाल्या, "ताट झाकून हाय म्हंजे बुढा उपाशी हाय नं! कवाचा माणूस बसून हाय अन् तुम्ही त्याले उत्तरं देऊन राहिले!"

कांताबाईंनी टाइप केलं, 'आजोबा जेवलात?' पडदा पुसला गेला. मग आलं: 'आजोबा तुझ्याकडे पाहतात. म्हणतात, नाही. मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. ते ताट घेऊन स्वयंपाकघरात जातात. दार मोकळं आहे.'

पोरींनी एकच गिल्ला केला. मी कपाळावर हात मारला नाही. ताट तर पहिल्या दिवसापासून समोर होतं. मी ते उघडायला पाहिलं, उचलायला पाहिलं. माणूस उपाशी आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. उत्तर द्यायचं असतं एवढंच मला ठाऊक. त्याला काही विचारायचं असतं, हे कधी ठाऊकच नव्हतं. तुझ्यावर लबाडीचा आरोप केला तो मागे घेतो. कोडं चोख आहे. इतकं चोख कोडं मला बावीस वर्षांत जमलेलं नाही.

मग कांताबाईंनी लिहिलं, 'आत जा.'

'आतल्या खोलीत खाटेवर आई आहे. ती जागी आहे. ती म्हणते, आलीस? ये, बस. तू वेळेवर आलीस. खेळ संपला.'

पोरी टाळ्या वाजवत होत्या. भीमाबाईंनी विचारलं, "मंग तिची माय बरी झाली काय?" कांताबाई म्हणाल्या, खेळ इथंच संपते, मावशी. मी नकाशा तिथंच विसरून घरी आलो.

आणखी लिहवत नाही.

बाबा


२३ नोव्हेंबर १९८७

नीला,

मागचं पत्र टाकून सहा दिवस झाले. तुझं 'वेळेवर' डोळ्यांपुढून हलत नाही. तू का येत नाहीस ते कळत नाही, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते खोटं होतं. सगळं खोटं नव्हतं, पण बरंचसं होतं.

जे तुला माहीत नसेल ते सांगतो. मार्चमध्ये आईला कावीळ झाली, तेव्हा साधी कावीळ म्हणून मी तुला कळवलं. एवढं खरं होतं. पंचवीस मार्चला डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की काही खरं नाही. तुझी परीक्षा सतरा एप्रिलला संपणार होती. मी मनाशी ठरवलं, तोवर कळवायचं नाही. तू प्रत्येक पत्रात विचारत होतीस, आई कशी आहे? मी उत्तर म्हणून कार्डावर कोडं पाठवायचो. नेहमीसारखं कोडं आलं म्हणजे घरी सगळं नेहमीसारखं आहे, असं तुला वाटावं म्हणून. पाच कार्डं पाठवली. तू पाचही सोडवलीस, आणि प्रत्येक उत्तराखाली तोच प्रश्न लिहिलास.

आई तीनदा म्हणाली, "नीलाले बोलवा नं." दोनदा मी परीक्षेचं सांगितलं. तिसऱ्यांदा म्हटलं, बोलावतो. बोलावलं नाही. मला वाटलं होतं, निभेल. नुसतं वाटलं होतं, त्याला आधार काहीच नव्हता. आणि आता खरं सांगायचं तर परीक्षा हेसुद्धा पूर्ण कारण नव्हतं. तू आली असतीस तर मला विचारलं असतंस, आता काय करायचं, बाबा? आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं. उत्तर नाही असं तुझ्यासमोर मी कधी म्हटलेलं नव्हतं. तेवढ्यासाठी मी तुला आईपासून दूर ठेवलं, हे लिहिताना माझी मलाच किळस येते.

मग एकदम तार. तू आलीस तेव्हा सगळं उरकलेलं होतं. तू विचारलंस, आणि मी सांगितलं की साडेदहाला गेली, शांतपणे, हात माझ्या हातात होता.

ज्या खुणेशिवाय कोडं सुटत नाही ती खूण लपवणं ही लबाडी, असं मी तुला ऐटीत लिहून पाठवलं. ते वाचताना तुला काय वाटलं असेल?

घरी ये असं आता म्हणत नाही. म्हणजे यावंस असं वाटतं, फार वाटतं. पण मागायचा हक्क उरला आहे का, ते कळत नाही.

बाबा


५ डिसेंबर १९८७, शनिवार

चि. नीला,

तुझं कार्ड आज सकाळच्या टपालानं आलं. 'शुक्रवारच्या गाडीनं निघते. रविवारी तेराला चार वाजता घरी येईन. एक विचारायचं आहे. आई गेली तेव्हा तिच्याजवळ कोण होतं?'

'घरी येईन' हे मी शेजारच्या यमुताईंना वाचून दाखवलं. पुढचं नाही दाखवलं.

ते मी तुला आधीच सांगितलेलं आहे, मागच्या पत्रातही लिहिलं आहे. मग तू का विचारतेस? सकाळपासून हाच घोळ घालतो आहे. तू तेराव्यानंतर वसतिगृहावर परतलीस, तेव्हा माझं सहावं कार्ड तुझी वाट पाहत असेल. 'बोलावली तर येत नाही, आली तर कळत नाही.' उत्तर झोप. त्या कार्डावरचा शिक्का तू पाहिला असशील. नऊ एप्रिल, सकाळी साडेदहा, आई गेली म्हणून मी सांगितली तीच वेळ. म्हणजे उत्तर ठाऊक असून विचारते आहेस, की खरंच नक्की माहीत नाही म्हणून, मला सांगता येत नाही. कसंही असलं तरी उत्तर एकच आहे.

मी नव्हतो.

रात्रभर तिला त्रास झाला होता, सकाळी डोळा लागला. यमुताई बसल्या होत्या. म्हटलं, दहा मिनिटांत टपालात जाऊन येतो. दहा मिनिटांत आलो असतो. कार्ड लगेच निघावं म्हणून खिडकीवर देऊन समोर शिक्का मारून घेतला. तिथं एक ओळखीचा भेटला, त्यानं माझ्या रविवारच्या कोड्याची तारीफ केली. मी उभा राहिलो. ऐकत राहिलो. त्याला एक शब्द अडला होता, तो समजावून सांगितला. फाटकाशी आलो तेव्हा यमुताई बाहेर उभ्या होत्या. "भाऊजी, वहिनी गेल्या." मी त्यांना शपथ घातली की मी नव्हतो हे कोणाला सांगू नका, तुला तर नाहीच. मग आत जाऊन तिचा हात हातात घेतला. ती गोष्ट खरी आहे, फक्त उशिराची आहे.

पुढचं मलाही माहीत नव्हतं. त्या मधल्या वेळात काय झालं, हे मी यमुताईंना सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. भिंतीला भिंत लागून आहे. आज दुपारी गेलो आणि विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या, सूप बाजूला ठेवलं.

"तुम्ही कवा इचारता, याची वाट पाहून राहिली होती मी. शपथ घालून ठेवली, मंग मी आपल्या तोंडानं कशी सांगू?"

त्यांनी सांगितलं. आई जागी झाली, दोन घोट पाणी प्याली. विचारलं, "ते कुठं गेले?" यमुताई म्हणाल्या, "टपालात गेले, नीलाले पत्र टाकाले." यमुताईंना त्यात काय आहे ते ठाऊक नव्हतं. आई थोडं हसली, म्हणे. म्हणाली, "बोलवाले गेले म्हंजे. बरं झालं. आता येते पोरगी." आणि कुशीवर वळून दाराकडे तोंड केलं. एवढंच. पुन्हा बोलली नाही.

तिला वाटलं मी तुला बोलवायला गेलो. माझ्या हातात कोडं होतं.

हे मी आज दुपारपासून धरून बसलो आहे आणि त्याचं काय करायचं ते मला समजत नाही. ती समाधानानं गेली, हे बरं म्हणायचं? माझ्या लबाडीमुळं ती समाधानानं गेली, असं म्हणायचं? तुला काही सुचलं तर सांग. मला खरंच माहीत नाही.

हे सगळं मी रविवारी समोरासमोर सांगू शकलो असतो. ते सोपं होतं. तू घरात आलेली असतीस, चहा झालेला असता, मग मी हळूच सांगितलं असतं, आणि ऐकून तू लगेच उठून गेली नसतीस, तेवढी भीड तुझ्यात आहे. यमुताईसुद्धा म्हणाल्या, "येऊ तं द्या पोरीले आंधी, मंग सांगा." पण मग घरी येताना तुझ्याजवळ सगळं नसतं. यावेळी तसं नको.

पत्र आत्ताच चौकातल्या पेटीत टाकून येतो. फार तर गुरुवारी मिळेल. तू शुक्रवारी निघतेस. कार्यशाळेला तर तुला यावंच लागेल, पण रविवारी घरी यायचं की नाही, ते ठरवायला तुझ्याकडे सगळं असेल आणि दोन-तीन दिवस असतील. आली नाहीस तर मी का म्हणून विचारणार नाही.

रविवारी चार वाजता मी घरी आहे.

बाबा